सोमारीबाईचा शेवटचा सवाल

सोमारीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऊर्जानगरला, मुलाच्या क्वार्टरमध्ये तांदूळ निवडत होते. फोन तिच्या सुनेचा. मी म्हटलं, बरं झालं, सुटली बिचारी. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला... बरं काय झालं, कपाळ!

कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सवालाशिवाय होत नसे. बायांच्या दोन ओळी समोरासमोर. गोंडटोल्याच्या ओळीत ती, आमच्या बौद्ध मोहल्ल्याच्या ओळीत मी. ती गाऊन विचारणार, मी गाऊन उत्तर देणार, दोन्ही जागेवर रचलेलं. जी अडली ती हरली, आणि हरलेलीनं दुसरीच्या वाट्याची उरलेली बांधी, म्हणजे शेताचा बांध घातलेला तुकडा, रोवून द्यायची. एकदा भर उन्हात तिनं विचारलं, "तुया घरचा बैल कुठी, वो बाई?" मी मान वर केली तर समोर बांधावर आमचे हे. "धुऱ्यावर बिडी ओढून राह्यला, वो बाई." बाया हसून हसून चिखलात बसल्या. हे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण मी कधी अडले नाही, आणि त्याचा मला फार तोरा होता.

सुपारी-तंबाखूचा खर्रा तिच्या गालात कायम. मी रागावले की ती तो दुसऱ्या गालात सरकवायची. मग तोंडात गाठ आली, नागपूरला ऑपरेशन झालं, जीभ गेली. त्या मेल्या खर्र्याला मी अजून शिव्या घालते.

ती जायच्या महिनाभर आधी भेटायला गेले. खाटेवरची बाई ओळखू येईना. मला पाहून तिनं रोपं खोवल्यासारखी बोटं हलवली आणि घशातून आमची चाल काढली. सवाल होता तो, पण शब्द एकही नाही. मी एक उत्तर गायले. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग पावसाचं गायले, सुनेचं, माहेरचं, सुचेल ते... तिची आपली मान नाहीच. नजरही हटेना. शेवटी म्हटलं, "मले नाई येत, सोमारी. हरली मी."

तिनं खाटेवर जोरात थाप मारली आणि डोळे मिटून घेतले.

यंदा रोवण्याला गावी गेले. तिची अर्धी बांधी रोवायची राहिली होती. मी पदर खोचला तशी सून म्हणाली, "काकू, काऊन करता? गुडघे दुखते तुमचे." मी म्हटलं, हरली आहे मी, रोवावीच लागते. दिवसभर वाकून रोवली. समोर ओळ नव्हती. तिनं काय विचारलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.