पाणकोंबडीच्या अंड्यांचा फोटू

ग्रुपवरच्या समद्यांनो, सकाळी पाणकोंबडीच्या घरट्याचा फोटू आला आणि तुमी धडाधड अंगठे दिले. आता त्याचं पुढचं ऐका.

फोटू निघाला तवा मी तितंच होते. कुसगावच्या बंगल्यातले साहेब आपल्या राखीव पाणथळीत गुडघाभर पाण्यात उभे राहून कात्रीनं पाणकणसाची पानं कापत होते. मी वरडले, "ओ भाऊ, काय चाललंय?"

"मावशी, पानं आड येतायत. दोनचारच कापतोय. आमचं पक्ष्यांवर फार प्रेम आहे."

"अवो, त्या पानांनीच तिचं घर झाकलंय. तुमच्या न्हाणीचं दार काढून नेलं आणि म्हनलं, एकच तर काढलं, तर चालंल का?"

साहेब हसले. फोटू काढला आणि गाडीत बसून गेले. पाणकोंबडी भिऊन लांब लव्हाळ्यात शिरली होती. तेवढ्यात उघड्या घरट्यावर दोन कावळे उतरले. मी दगडं मारत चिखलातनं पोचेस्तोवर पाचही अंडी फुटली.

माझ्या शेळीनं कुंपणाला तोंड लावलं तर राखणदार काठी घेऊन धावतो. कात्रीवाल्याला त्यानंच गेट उघडून दिलं, वर सलाम ठोकला.

आता साहेबांनी ह्याच ग्रुपवर विचारलंय, टिबुकलीचं घरटं कुटं हाय?

मला ठावं हाय. तुमच्यातल्या चौघांनाबी ठावं हाय. बोला, सांगणार हाय का कुणी?