आठवीची कविता आणि चिमणीवरची आग

लेकीला इथल्या हिंदी शाळेत आठवीला एक कविता होती. वादळ येतं, झाडं मोडतात, नदी गाव गिळते आणि माणूस मात्र छाती काढून उभा. तिचं रसग्रहण लिहून न्यायचं होतं. मी नागपूरची एम.ए. मराठी, त्यामुळे घरात कविता आली की ती माझ्याच गळ्यात.

ती शाळेतून आल्यावर दोघी वही घेऊन बसलो आणि आभाळ काळंठिक्कर झालं. हे पोलादाच्या कारखान्यात होते, जनरल शिफ्ट, भट्टीकडच्या दुरुस्तीवर. लग्नानंतर यांनी एकदा सहज सांगितलं होतं, वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की स्फोट होतो. तेव्हापासून मला पाऊस मेला आवडत नाही.

वारा असा सुटला की समोरचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला. लाइट गेली. मग कारखान्याच्या चिमणीवर सदा जळणारी गॅसची आग एकदम उंच झाली. लेक गॅलरीतून ओरडली, "मम्मी, देख, तूफान में भी नहीं बुझी. माणसाची हिंमत म्हणून हेच लिहू का?"

"हिंमत-बिंमत काही नाही ते," मी खेकसले. "आत काहीतरी बंद पडलं की गॅस असा जाळून टाकतात."

पोरगी गॅलरीतून आत येऊन मला चिकटली. आता घाबरणाऱ्या दोघी झालो.

यांचा फोन लागेना. आमच्या कॉलनीत अशा वेळी कोणी कोणाला 'तुमचे आले का' म्हणून विचारत नाही. खालच्या मजल्यावरची जिन्यात आली. तिचा नवरा यांच्याच टोळीत. तिनं विचारलं, "नळाले पाणी आलं का वो?" मी म्हटलं, नाही. ती तिथंच पायरीवर बसली, मीही बसले.

अंधार पडता पडता हे चालतच आले. नखशिखांत चिखल, डोक्यावर हेल्मेट नाही. खालचीला आधी म्हणाले, "मागून येऊन राहिला तो." ती पदर तोंडाला लावून रडली.

भट्टीकडच्या शेडचा पत्रा उडाला होता. लेकीनं वही पुढं केली. "बाबा, तुम्ही उभे राहिले होते?"

"उभा कावून राहीन? सारे पळालो. नालीत पालथे पडलो, पत्रा डोक्यावरून गेला."

"मग कवितेत ऐसा क्यों लिखा है?"

"लिहिणारा घरी बसला असन." हे हसले. पाण्याचा ग्लास मात्र दोन्ही हातांनी धरला होता.

मी म्हटलं, "अहो, उद्या सुट्टी घ्या."

"सुट्टी कशी घेऊ? तो पत्रा वर चढून आमालेच लावा लागते न."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, हे लिहू का म्हणून. मी मानेनंच 'लिही' म्हटलं. बाहेर अजून गडगडत होतं, आणि मला उद्याची सकाळ नकोच होती.