ओल कुठंय, दाखवा की!

आपला धंदा म्हणजे लोकांच्या घरातली ओल काढायचा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाथरूमची गळती, भिंतीचे पोपडे, सगळं! कोल्हापुरात पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही, त्यामुळं कामाला तोटा नाही. पण खरी गंमत कामात नाहीच. ओल दाखवायची म्हणजे माणसाला कपाट सरकवावं लागतं, गादी उचलावी लागते, देवघरामागं बॅटरी मारावी लागते. सख्ख्या पाहुण्यांना कधी न दाखवलेलं घर आम्हाला पहिल्या भेटीत बघायला मिळतं. आणि एकदा का कपाट सरकलं, की माणूस बोलायला लागतो. ओल निघेल न निघेल, किस्सा हमखास निघतो!

सोबतीला माझा पार्टनर सर्जेराव, म्हणजे आपला सर्जा. शाळेपासूनचा दोस्त. बोलणं माझं, गच्चीवर चढणं त्याचं. आवाज असा, की त्यानं गच्चीवरनं "वैनी, चहा टाका" म्हटलं की शेजारच्या घरातसुद्धा आधण चढतं!

*

एकदा एका बंगल्यात गेलो. साहेब नुकतेच रिटायर झालेले आणि वास्तुशास्त्राच्या नादाला लागलेले. हॉलच्या दोन भिंतींना ओल. मी म्हटलं, दोन्ही एकदम करून टाकू.

"छे छे! ही भिंत ईशान्येची. ईशान्येला पाणी म्हणजे भरभराट. हिला हात लावायचा नाही."

"बरं. आणि ती पलीकडची?"

"ती नैऋत्य! तिथं पाणी म्हणजे सत्यानाश. ती आजच्या आज करा."

मला वाटलं, विषय संपला. साहेब गेटपर्यंत सोडायला आले, घराकडं एकदा वळून बघितलं आणि हळूच म्हणाले, "एक विचारू का? ही नैऋत्येची ओल तेवढी ईशान्येला सरकवता येईल का?"

मी काही बोलायच्या आत सर्जा म्हणाला, "येतीय की! फक्त बंगला फिरवाय लागंल."

*

कुलकर्णी म्हणून बँकेतले एक कॅशियर. अंगानं काडी, बोलणं त्याहून बारीक. त्यांची बेडरूम तालमीच्या भिंतीला लागून. ती भिंत ऐन मे महिन्यातसुद्धा ओली, आणि वर आंबूस वास! सर्जानं भिंतीला नाक लावलं आणि ओरडला, "आयला, ताक हाय की ह्ये!"

खरंच होतं. पलीकडं आखाडा. लाल मातीचा ढीग थेट भिंतीला टेकवलेला, आणि त्या मातीत ताक, लिंबू, तेल, हळद, सगळं मुरवलेलं. आता माती सरकवा, हे वस्तादांना सांगायचं कुणी? कुलकर्णी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी इथं भिंतीजवळ थांबतो."

वस्ताद म्हणजे दारातनं आडवं होऊन आत यावं लागेल असा माणूस. मी हात जोडून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बोलवा त्या साहेबास्नी."

कुलकर्णी आले. वस्तादांनी त्यांना वरनं खाली, खालनं वर बघितलं. दंड दाबून बघितला. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "आमची माती भिंतीतनं पाझरून तुमच्या उशापतूर आली, आन तुमी असंच ऱ्हायलासा? लाज आमाला वाटाय पायजे!"

माती सरकवली त्यांनी, पण एका अटीवर. भिंत आता खडखडीत वाळलीय. रोज पहाटे तालमीत कुलकर्णी तेवढे भिजतात. घामानं!

*

शाहूपुरीतल्या एका अपार्टमेंटमध्ये वरच्या फ्लॅटला पाटील वैनी, खालच्या फ्लॅटला मगदूम अक्का. अक्कांच्या बाथरूमचं छत ठिबकायचं आणि दोष वैनींवर जायचा. दोघींचं बोलणं बंद. एक लिफ्टमध्ये शिरली की दुसरी गुडघे धरत जिना चढायची! शेवटी सोसायटीच्या चेअरमननी आम्हाला बोलावलं.

मी म्हटलं, साधी टेस्ट करू. वरच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी ओतायचं. खाली रंगीत थेंब पडला तर गळती वरची. दोघींना खाली पार्किंगमध्ये समोरासमोर बसवलं आणि विचारलं, कुठला रंग घ्यायचा?

"लाल नको, माझ्या पांढऱ्या फरश्या हैत," अक्का म्हणाल्या. बघत मात्र माझ्याकडं होत्या.

"निळा नको म्हणावं त्यास्नी. शाई सांडल्यागत दिसतंय," वैनी म्हणाल्या. त्याही माझ्याकडंच बघत.

"मग हिरवा?"

"हिरवा म्हंजे कसला? पोपटी का बॉटल ग्रीन?"

"बॉटल ग्रीन डोळ्यावर येतोय हो," आता अक्का थेट वैनींशी बोलल्या!

आम्ही हळूच बाजूला झालो. चहा पिऊन आलो तर दोघी एका बाकावर. मोरपंखी रंग फायनल झाला होता. दोघींकडं मोरपंखी इरकल आहे, हेही निघालं होतं, आणि बोलणं आता दोघींच्या सुनांपर्यंत पोचलं होतं.

टेस्ट केली. खाली एक थेंब रंगीत पडला नाही. गळती निघाली सोसायटीच्या कॉमन पाइपला! दोघी तशाच उठल्या आणि हातात हात घालून चेअरमनच्या दाराशी गेल्या.

संध्याकाळी चेअरमनचा फोन. "आवो, तुमाला गळती शोधाय बोलावलंतं. ह्या दोघी बोलत न्हवत्या तवा बिल्डिंगमध्ये किती शांतता हुती!"

*

सर्जा एकदा म्हणाला, "एक नवीन गिऱ्हाईक हाय. बाई जरा तापट वाटल्या. व्हिजिट तूच कर." पत्ता बघतो तर माझ्याच घराचा!

गेलो, काय करणार! बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं, डोक्यावर पदर नीट केला आणि म्हणाली, "या पावणं. चप्पल भाईर काढा. किचनची भिंत बघून घ्या. आन एक सांगते, आधीच्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव काढू नका हं माझ्यापुढं. लई गोड बोलायचा, पण नुसता सोफ्यावर बसून चहा प्यायचा!"

आतनं आमच्या आईचा आवाज आला, "ह्यो तरी बरा दिसतोय का गं?"

*

कोडोलीतनं फोन आला. "इंजनेर साहेब, उद्या पोरीला बघाय पावणं येणार हाईत. आजच्या आज वल घालवा." मुलीचे वडील होते. गेलो तर हॉलच्या मेन भिंतीला माणूसभर डाग, हात लावला की पोपडा हातात. म्हटलं, एका दिवसात देव आला तरी ही भिंत वाळायची नाही. मुलीची आई रडायच्या बेतात आली. आधीचं एक स्थळ "घराला ओल आहे, माणसं निष्काळजी दिसतात" म्हणून परत गेलेलं. कॅलेंडर लावून बघितलं, पडदा लावून बघितला. डाग सगळीकडनं डोकावायचा.

शेवटी वडिलांची नजर गेली दत्तूकाकांवर. मुलीचे चुलते. देह असा, की सोफ्यावर बसले की मागची भिंत गायब! "दत्तू, तू हितं बसायचं. काय बी झालं तरी उठायचं न्हाय." आणि आम्हाला म्हणाले, "तुमीबी उद्या या. मधीच काय पडलं तर सांभाळा." आम्ही मुलीचे मामेभाऊ म्हणून कोपऱ्यात बसलो.

पाहुणे आले. चहापोहे झाले, बोलणं झालं, पसंतीही झाली. मग जेवल्याशिवाय जायचं नाही असा आग्रह झाला. मधल्या खोलीत पानं मांडली. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण! वासानं सगळे उठले. दत्तूकाका सोडून.

"चला की काका," मुलाचे वडील म्हणाले.

"न्हाय, माजा उपास हाय."

"बुधवारी?"

काकांनी आवंढा गिळला. "बुधाचा!"

सगळे आत जेवले. आतनं "अजून एक वाटी घ्या की" असं ऐकू यायचं आणि इकडं काका डोळे मिटायचे. शेवटी मुलाची आई हात पुसत हॉलमध्ये आली आणि काकांच्या पुढ्यात उभी राहिली.

"उठा काका, जेवून घ्या. आमच्यात असल्या डागाम्होरं आमचं मामंजी बसत्यात."

*

आणि हे कुरुंदवाडचे अण्णा.

अण्णा शेतकरी माणूस. तरुणपणी सीमाभागाच्या मोर्चात पाठीवर लाठ्या खाल्लेले. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेवर आले. खाटेच्या बरोबर वर छताला ओलीचा डाग. उताणं पडून दिवसभर तोच बघायचा. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, हा तर महाराष्ट्राचा नकाशा! आम्हीही मान वर करून बघितलं. कोकणची बाजू, विदर्भाचं टोक, हुबेहूब! आणि पावसाबरोबर डाग खालच्या अंगाला सरकत होता.

"काल निपाणी घेतली," अण्णा म्हणाले. "आता बेळगाव!"

सून काळजीत. "मामंजी, सिलिंगचा गिलावा अंगावर पडंल की वो."

"पडू दे. बेळगाव आल्याबिगर कुणी गच्चीवर चढायचं न्हाय!"

पण गिलावा खरंच फुगला होता. सुनेनं डोळ्यांनी खुणावलं आणि सर्जा बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काम न ओरडता केलं! भेगा भरल्या, कोटिंग मारलं. डाग निपाणीला थांबला.

थोड्या दिवसांनी सुनेचा फोन. "मामंजी जेवंनात. वर बघत्यात आन कूस बदलत्यात."

आम्ही गेलो. अण्णांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "निपाणीच्या फुडं हालंना रं पोरांनो. आमच्या नशिबात न्हाय ते." मला त्यांच्याकडं बघवेना.

दुपारी अण्णांचा डोळा लागला. सर्जानं स्वयंपाकघरातनं बशीभर चहा आणला, पिशवीतला ब्रश काढला आणि स्टूल ओढून त्यावर चढला. मी स्टूल धरलं. सून तोंडाला पदर लावून दारात उभी. सर्जा शाळेत भूगोलात कधी पास झाला नाही, पण त्या दिवशी त्यानं सीमा अशी खाली ओढली, की मास्तरांनी पाठ थोपटली असती!

आम्ही घरी पोचतोय तोवर सुनेचा फोन. "मामंजींनी गल्लीत पेढं वाटाय लावल्यात! दोन भाकरी खाल्ल्या!"

मी सर्जाला म्हटलं, चल, म्हातारा सुखात आहे, आपलं काम झालं.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. स्वतः अण्णा.

"इंजनेर, बेळगाव फिक्कं पडाय लागलंय."

"तुज्या त्या दोस्ताला सांग, कारवार घ्याय येशील तवा चहा जरा कडक करून घे म्हणावं. आन स्टूल उचलून ठेव. वढलास की झोपमोड हुतीया."