आधी बोट, मग काढा

आमच्या मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, काढ्याला मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून नाक मुरडत आलेय. शेताच्या बांधावरचा अडुळसा, कडुलिंबावर चढलेली गुळवेल, तुळस, सुंठ, मिरे; सगळं खलबत्त्यात कुटायचं आणि मोठ्या पातेल्यात आटवायचं. कडू म्हणजे कडूजहर! पण खोकला सुटायचा, घसा मोकळा व्हायचा, खोटं कशाला बोलू?

मी गावची आशाताई. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघर जाऊन बोटाला मशीन लावायचं, ऑक्सिजन बघायचा, चौऱ्याण्णवच्या खाली दिसला की दवाखान्यात पाठवायचं, हे माझं काम. हदगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण लोकांनी काय छळलं म्हणता! मी दिसले की दारं धाडधाड बंद. "बोट दिलं की ही बाई नांदेडला धाडती," अशी आवई उठली होती. आणि तीच माणसं सकाळी विहारासमोर मामांच्या काढ्यासाठी आपापला पेला घेऊन अंतर ठेवून उभी! माझं डोकंच फिरलं. पातेल्यापुढं जाऊन म्हटलं, "आजपासून आधी बोट, मग काढा. पटत न्हाई त्यानं घरी जावं."

मामा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पळी पातेल्यावर आडवी ठेवली आणि म्हणाले, "सून म्हणती तसं." अख्ख्या रांगेनं मुकाट बोटं दिली.

आठवडाभरानं खुद्द मामांनाच खोकला लागला. वाढायचं काम मी माझ्याकडं घेतलं, त्यांना दूर लिंबाखाली बसवलं. पण कुटणं काही त्यांनी सोडलं नाही. तपासणीला चला म्हटलं तर न्हाई. मशीन लावते म्हटलं तर दोन्ही हात पुढं करायचे. "बघ, अडुळसा कुटून बोटं काळी-हिरवी पडलीत. डाग असला की मशीन खोटं दाखवतं, तूच सांगत होतीस की." सांगितलं होतं मीच, मेंदी लावलेल्या बायांना. तरी लावलं. नव्वद. "डागाचं हाय," ते म्हणाले, आणि मलाही तेच खरं मानायचं होतं. एक पूर्ण दिवस मी गप्प बसले. त्या दिवसाची लई लाज वाटते मला, अजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढा वाढता वाढता माझ्या ध्यानात आलं, बत्त्याचा आवाज सारखा थांबतोय. दोन घाव घातले की मामा खांदे वर उचलून दम घेत होते. पळी टाकली, धावत जाऊन त्यांच्यापुढं मातीत बसले आणि त्यांचा पाय धरला.

"अगं, हे काय करून राहिलीस? गाव बघतंय!"

"बघू द्या. पायाला तर अडुळसा लागला न्हाई?"

चप्पल काढली, अंगठा पदरानं पुसला, तळहातानं चोळून गरम केला आणि मशीन लावलं. मामा पाय ओढत होते, मी सोडत नव्हते. सत्त्याऐंशी.

"मीच दवाखान्यात गेलो तर माझ्या काढ्यावर कोण इश्वास ठेवंल?" ते हळूच म्हणाले. एवढ्यासाठी माणूस दुखणं लपवून बसला होता!

"काढा खोकल्याला हाय, मामा. कमी पडलेला ऑक्सिजन त्यानं भरून येत न्हाई. तुम्ही मेल्यावर कोण ठेवंल इश्वास?"

सासऱ्याला तोंडावर असं बोलले मी. रांगेतली एक म्हातारी "अगं बया!" म्हणाली. मी रडत होते, पण पाय सोडला नव्हता.

मामांनी बत्ता माझ्या हातात दिला. मी फोन करून बोलावलेल्या दवाखान्याच्या गाडीत चढताना रांगेकडं वळले आणि तुटक तुटक म्हणाले, "काढा... हिच्या हातचा प्या. पण आधी बोट."

अठरा दिवस ते नांदेडला होते. अठरा दिवस मी बोटं बघितली आणि काढा आटवला. मामांसारखा कडू होत नाही म्हणून लोक कुरकुरले, त्यांना म्हटलं, गुमान प्या. रांगेतल्या आणखी तिघांना गाडीत बसवलं. कुणी दार लावलं नाही.

मामा परत आले ते निम्मे होऊन. लिंबाखाली टेकले. हात धुऊन धुऊन स्वच्छ झाले होते, बोटांवर एक डाग नव्हता. मी मशीन घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सावकाश चप्पल काढली आणि पाय पुढं केला.