ठोकळ्यावरचा हिरवा ठिपका

टक.

हिरव्या मार्करला टोपण लावल्याचा आवाज. चाकणच्या कंपनीत आमच्या तपासणीच्या टेबलावर हा आवाज झाला की समजायचं, माल गेला लाल पेटीत. माल चांगला असला की माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई त्यावर हिरवा ठिपका द्यायच्या आणि ठिपक्याला खाली बारीकशी शेपटी काढायच्या. ती त्यांची खूण. टेबलावरच्या प्रत्येकीची खूण वेगळी असते, म्हणजे पुढे तक्रार आली तर कुणाला धरायचं ते कळतं. वाईट माल मात्र ताई उलटसुलट फिरवून बघायच्या, टोपण लावायच्या, टक, आणि स्वतःशीच म्हणायच्या, "मी सोडायची न्हाई."

हे त्या मालाबद्दल म्हणतात, असं मला आधी वाटायचं. नंतर कळलं, हे सगळ्या जगाबद्दल होतं.

कंपनीच्या बसचा ड्रायव्हर एकदा त्यांना मोशीच्या थांब्याकडे पळत येताना बघूनही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी स्कूटी काढली आणि चाकणच्या रस्त्यावर बसच्या बरोबर पुढे, मधोमध, बैलगाडीच्या चालीनं चालवत नेली. असं आठवडाभर. ड्रायव्हरचा हात हॉर्नवरून निघेना. शेवटी त्यानं कंपनीच्या गेटवर उतरून हात जोडले. "ताई, चुकलं माझं." ताई म्हणाल्या, "मग उद्या थांब." त्या बसमध्ये आम्हीही होतो आणि आमचाही रोज लेटमार्क लागत होता, याचं त्यांना काही नव्हतं.

कँटीनवाल्यानं आमटीत पाणी वाढवलं तेव्हा त्या त्याच्याच खिडकीपाशी डबा उघडून बसल्या आणि रांगेतल्या एकेकाला बोलवून मासवडी खायला घातली. त्याला सोडून.

खरं सांगते, मला त्या याचसाठी आवडायच्या. तुम्ही-आम्ही अपमान गिळतो आणि घरी येऊन भांडी आपटतो. ताई भांडी आपटत नसत.

पण घरी त्यांची एक बाजू लंगडी होती. मोशीला त्यांची आणि थोरल्या जावेची घरं एकाच अंगणात. ताईंना मूल झालं नाही. जावेला एकच मुलगा, तो आमच्याच कंपनीत स्टोअरला होता. जाऊबाई शेतात असायच्या तेव्हा त्याला ताईंनीच न्हाऊ घातलं, भरवलं, शाळेत सोडलं. आता त्याला मुलगा झाला होता, आणि त्या बाळाला घ्यायला ताई अंगण ओलांडून गेल्या की जाऊबाई दारातच सांगायच्या, "आत्ताच निजलंय." सकाळी निजलेलं, दुपारी निजलेलं, संध्याकाळी दिवेलागणीलाही निजलेलं. आतून त्याचं रडणं ऐकू यायचं तरी निजलेलंच.

"एकदा मांडीवर दिला की कळंल त्याला, ही कोण हाय ते," ताई मला म्हणाल्या. "बारशाला असं खेळणं देती की रोज हातात राहिलं पाहिजे."

झालं. सुट्टीच्या दिवशी ताई स्कूटी घेऊन काळेवाडीला माझ्या दारात. मला तेव्हा तिसरा महिना होता, पण नाही म्हणायची माझी टाप नव्हती. पिंपरी, चिंचवड, सांगवी. एक दुकान त्यांनी सोडलं नाही.

दुकानदारांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले. एकानं वर खुळखुळे टांगलेली गादी दाखवली. "ह्यात काय, नुसतं उताणं पडून बघायचं? चार दिसांत कंटाळंल." दुसऱ्यानं बॅटरीवरचा हत्ती दाखवला, तो नाचायचा, गायचा, डोळे मिचकवायचा. "सगळं ह्योच करतोय. मग पोरानं काय करायचं?" तिसऱ्या दुकानात एक लाकडी खेळणं मला फार आवडलं. ताईंनी त्याच्या शिवणीवरून नख फिरवलं, उजेडात धरलं आणि परत केलं. "दोन बाजूंचा रंग येगळा मारतोय." दुकानदार म्हणाला, "मावशी, एक बाजू पोपटी आहे आणि एक हिरवी. ते तसंच आहे." ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्यानं खेळणं स्वतःच फळीवर ठेवून दिलं.

शेवटी सांगवीत तो ठोकळा सापडला. तिथल्या मुलीनं त्याला ॲक्टिव्हिटी क्यूब म्हटलं, ताईंनी लगेच ठोकळा केला. एका बाजूला वाकड्यातिकड्या तारेवर सरकणारे मणी. एका बाजूला एकमेकांत अडकलेली चाकं, एक फिरवलं की सगळी खरखरत फिरायची. एका बाजूला वाजवायच्या धातूच्या पट्ट्या. एकीकडे त्रिकोणी, गोल, चौकोनी भोकं आणि त्यात टाकायचे तुकडे. आणि शेवटच्या बाजूला एक इवलंसं दार, उघडलं की आत आरसा.

ताई दुकानातच फरशीवर मांडी घालून बसल्या. चाकं फिरवली, पट्ट्या वाजवल्या, दार उघडलं. "बग, बसाया लागला की चाकं फिरवंल. रांगाया लागला की मणी. मग भोकात तुकडे घालंल. दोन-तीन वर्सं सुटका न्हाई." मग पुन्हा दार उघडून आरशात बघत म्हणाल्या, "आन् हितं दार उघडलं की कोन निजलेलं नसतंय." हे त्यांनी हसत म्हटलं, पण मला काही हसू आलं नाही.

घरी नेण्याआधी त्यांनी पर्समधून मार्कर काढला. खोक्याच्या तळाला एक ठिपका, ठोकळ्याच्या कोपऱ्यावर एक, दोन्हींना शेपटी. ओके.

बारसं झालं. ठोकळा दिला. बाळ निजलेलंच राहिलं. ठोकळ्याचं काय झालं म्हणून विचारलं की पुतण्या म्हणायचा, "काकी, आईनं जपून ठेवलाय, मोठा झाला की काढू." ताई वाट बघत राहिल्या. अंगणात कान लावून बसायच्या, पट्ट्या कधी वाजतायत म्हणून.

मग माझी मुलगी झाली. काळेवाडीला घरीच बारसं. ताई आल्या, पुतण्याही आला, हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं खोकं. माझ्या बहिणीनं हौसेनं तिथंच कागद फाडला. ताईंनी सवयीनं खोकं उलटं करून बघितलं.

तळाला हिरवा ठिपका. खाली शेपटी.

मी पुतण्याकडे बघितलं. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "आईनं गुंडाळूनच दिलं कपाटातून, नवंच आहे," असं तो कौतुकानं सांगत होता. मग त्याला काकीचा चेहरा दिसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काकी, मला खरंच ठाऊक नव्हतं ह्ये तुझं हाय ते. आई तवा म्हणाली व्हती, पहिलं खेळणं लेकुरवाळीच्या हातचं पायजे. मला वाटलं, नंतर काढंल."

ताईंनी खोकं सरळ केलं. "तुला न्हाऊ घालताना माझा हात चालत व्हता," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं असतं, पण त्या रडल्या नाहीत. पाळण्यात माझ्या मुलीला ठेवलं, गाणं म्हटलं, घुगऱ्या खाल्ल्या. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "ठोकळा तुझ्या पोरीचा. पर आमच्या बाळाच्या पयल्या वाढदिसाला मला लागंल. मी सोडायची न्हाई."

त्यानंतर दर रविवारी त्या काळेवाडीला यायच्या आणि माझ्या मुलीसमोर ठोकळा ठेवायच्या. "चाव. चाव गं बाय. पार लाळ लाव." मला आधी वाटलं, माया. माया होतीच. पण मग त्यांनी सांगितलं, "आसा वापरलेला झाला पायजे की परत कुठल्या कपाटात जायला नको." माझ्या लेकीनं काम चोख केलं. पाच महिन्यांत कोपरे चघळून झाले, एका पट्टीचा रंग उडाला, आरशावर बोटंच बोटं.

मोशीला लॉन्सवर वाढदिवस होता. फुग्यांची कमान, स्टेज, माइक घेतलेला एक उत्साही तरुण. स्टेजवर जाऊबाई नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर फोटो. पोरगं रडून बेजार झालं होतं. ताई स्टेजवर गेल्याच नाहीत. नवी पैठणी नेसून त्या स्टेजच्या पायरीशी गालिच्यावर बसल्या, पिशवीतून ठोकळा काढला आणि चाक फिरवलं.

खर्रर्र.

पोरगं रडायचं थांबलं. ताईंनी पट्ट्या वाजवल्या. पोरगं आजीच्या मांडीवरून घसरलं, रांगत पायरीपाशी आलं, उलटं होऊन खाली उतरलं आणि ठोकळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून त्यानं कोपऱ्यावर तोंड टेकवलं. जिथं ठिपका होता तिथंच. जाऊबाई धावत आल्या आणि ओढायला लागल्या. त्यानं असं भोकाड पसरलं की माइकमधून सगळ्या लॉन्सवर ऐकू गेलं. चारशे माणसं वळून बघायला लागली. जाऊबाईंनी हात सोडला.

ताई खालूनच, शांतपणे म्हणाल्या, "आक्का, खेळू द्या की. चांगलं हाय. तुमच्याच कपाटात व्हतं."

माइक चालूच होता.

माझ्या कडेवर माझी मुलगी होती आणि तिचं खेळणं दुसऱ्याच्या तोंडात होतं, पण मला इतका आनंद आयुष्यात क्वचित झाला असेल. जाऊबाईंचा चेहरा मी मनात नीट साठवून ठेवला आहे. अजूनही मन खट्टू झालं की काढून बघते. पुढच्या रविवारी ताईंनी माझ्या लेकीला तसाच नवा ठोकळा आणून दिला, ठिपक्यासकट.

त्यानंतर ताईंना बाळापर्यंत जावं लागलं नाही. त्या आपल्याच ओट्यावर बसून, बरोबर त्याला भरवायच्या वेळेला, पट्ट्या वाजवायच्या. पोरगं घास टाकून अंगण ओलांडून यायचं, आधी रांगत, मग धडपडत, मग पळत. मागून जाऊबाई वाटी घेऊन. "सूड म्हणायचा का हा, ताई?" मी एकदा विचारलं. "व्हय," त्या म्हणाल्या आणि मांडीवरच्या पोराचं नाक पुसलं. तो त्यांचा मार्कर घेऊन घरभर ठिपके देत सुटायचा. देण्याआधी वस्तू उलटीसुलटी करून बघायचा, अगदी त्यांच्यासारखी.

हे सुख त्यांना फार दिवस मिळालं नाही. मागच्या दिवाळीआधी साधा ताप म्हणून दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. आमच्या टेबलावर आता दुसरी बाई बसते. तिच्या ठिपक्याला शेपटी नाही.

तेराव्याला मी मोशीला गेले. जाऊबाई सगळ्यांच्या मधे बसून मोठ्यानं रडत होत्या. "धाकटीनं माझ्या नातवाला किती जीव लावला हो! बहिणीसारखी व्हती मला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मेलेल्या माणसाच्या घरात कोण बोलणार? मी गिळलं, जसं आपण सगळे गिळतो.

तेवढ्यात तो आला. अडीच वर्षांचा, हातात हिरवा मार्कर. बसलेल्या एकेकीचा हात उलटासुलटा करून बघायचा आणि ठिपका द्यायचा. बायका डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. मला मनगटावर मिळाला. ठिपका वाकडा होता, पण खाली शेपटी होती. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

तो आजीपाशी पोचला. जाऊबाईंनी रडणं थांबवून कौतुकानं स्वतःच हात पुढे केला. "मला दे रं माज्या राजा." त्यानं हात धरला, फिरवला, तळवा बघितला, पुन्हा फिरवला. मग मार्करला टोपण लावलं.

टक.

आणि तो पुढच्या बाईकडे गेला, तिथं टोपण काढलं आणि ठिपका दिला.

एवढ्याशा पोराला काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मला जाऊबाईंची कीव यायला हवी होती, तीही आली नाही. त्यांचा हात कितीतरी वेळ तसाच पुढे होता.