गुरुवार ते शनिवारचे डॉक्टर

बहात्तरच्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षी साताऱ्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात एका डॉक्टरांना दोन ठिकाणांहून अर्धा अर्धा पगार सुरू झाला. अर्धा रुग्णालय देई आणि अर्धा दिल्लीची एक संशोधन संस्था. सोमवार ते बुधवार त्यांनी रुग्ण तपासायचे आणि गुरुवार ते शनिवार फक्त संशोधन करायचे, अशी अट होती. आठवडाभरात सगळे त्यांना अर्धे डॉक्टर म्हणू लागले.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात रुग्णालय आणि एसटी स्टँड या दोन ठिकाणच्या बातम्या पाहत असे. अर्धे डॉक्टर मला दोन्हीकडे भेटत. बुधवारी संध्याकाळी ते पांढरा कोट खिळ्याला अडकवत आणि गुरुवारी सकाळी खाकी बुशशर्टात दहिवडीच्या गाडीला उभे राहत. स्टँडवर कोणी जीभ बाहेर काढून दाखवली तर ते म्हणत, “आज मी डॉक्टर नाही. सोमवारी या.” जीव घाबरा झालेल्या माणसाला मात्र स्वतः रिक्षात घालून रुग्णालयात नेत, दुसऱ्या डॉक्टरांच्या हवाली करत आणि पुढची गाडी पकडत.

रुग्णालयाचे व्यवस्थापक निवृत्त सुभेदार होते. त्यांना ही विभागणी पटली नव्हती. “आवं डाक्टर, अर्धा जवान बराकीत आन अर्धा मोर्च्यावर, असं कुठल्या पलटणीत असतंय?”

“रांग दारातून सरत नाही म्हणून माणसं तापाने का पडतात ते कोणी बघत नाही,” डॉक्टर म्हणत. “ते बघायला वेळ लागतो. दिल्ली तो वेळ विकत घेते आहे.”

“मग रांगंला मी काय सांगू?”

“सोमवारी या म्हणावं.”

ताप माण तालुक्यातल्या मेंढपाळांचा होता. यायचा, घामाने उतरायचा, पुन्हा यायचा. सांधे धरायचे. कोणी त्याला हिवताप म्हणे, कोणी क्षय. तो शेळ्यामेंढ्यांकडून, विशेषतः कच्च्या दुधातून येतो, असा डॉक्टरांचा अंदाज होता. तो सिद्ध करायला प्रत्येकाचे रक्त दोनदा हवे होते, मध्ये काही आठवडे सोडून. काम अपुरे राहिले तर दिल्लीचा अर्धा पगार थांबणार होता, आणि त्याबरोबर गुरुवार ते शनिवारही.

अडचण पहिल्याच पालावर आली. तिथली रीत अशी की पाहुण्याने आधी शेळीचे धारोष्ण दूध प्यायचे, मग काय ते बोलायचे. डॉक्टरांनी दूध उकळून मागितले. पालावरची कारभारीण वयाने त्यांच्या आईएवढी होती. ती म्हणाली, “उकळलं की शेळीची कास आटती. पाव्हण्यापायी जित्राब वाळवू व्हय? आमचं दूध चालंना, आन रगत चालतंय व्हय रं तुला?”

डॉक्टरांनी पिशवीतून सुई काढली, आधी स्वतःच्या दंडातले रक्त काढून बाटलीत भरले आणि मग कच्च्या दुधाचा पेला रिकामा केला. पालावर हसू फुटले. “खुळं हाय, पर खोटं न्हाई,” असे म्हणून कारभारणीने बाही वर केली. त्या दिवशी सगळ्या पालाने रक्त दिले.

काही आठवड्यांनी डॉक्टरांना ताप भरला. ते त्यांच्याच रुग्णालयात खाटेवर पडले. सुभेदारांनी निकाल दिला की ताप दिल्लीच्या कामावर लागला आहे, तेव्हा त्या दिवसांचा पगार दिल्लीने द्यावा. दिल्लीने कळवले की संस्था संशोधनाच्या वेळेचा पगार देते, आणि खाटेवर पडलेला माणूस संशोधन करत नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे, की ताप येत आहे तोवर संशोधन चालूच आहे. त्यांनी खाटेवरच स्वतःचे दुसरे रक्त काढून घेतले. त्या रक्तात रोग निघाला. पहिल्यात नव्हता.

पालाचे दुसरे रक्त मात्र राहिले होते. कळप तोवर कडेगावकडे उसाच्या रानात खतासाठी बसायला गेला होता. सांगितलेल्या वारी डॉक्टर तिथे पोहोचले नाहीत. पुढच्या सोमवारी कारभारीण सगळी माणसे घेऊन रुग्णालयाच्या फाटकात उभी राहिली.

सोमवार रुग्णालयाचा होता. त्या दिवशी संशोधनाचे काम चालत नसे. सुभेदार फाटकावर आले. “कुणाकुणाला ताप हाय?”

“एकालाबी न्हाई. रगत द्याया आलोय.”

सुभेदारांनी माणसांकडे पाहिले, मग कारकुनाकडे. “सगळ्यांस्नी ताप हाय. केसपेपर काढ.”

डॉक्टर खाटेवरून उठले, पांढरा कोट घातला आणि भिंतीला टेकून रक्त काढू लागले. कारभारीण शेवटी बसली.

“माज्या दुधानं पडलास व्हय रं?”

“तुमच्याच.”

“मग उकळू आता?”

“उकळा.”

“आन कास आटली म्हंजे?”

“मी बघायला येईन. दर आठवड्याला.”

दोन्ही वेळच्या रक्तावरून दुधाचा अंदाज खरा ठरला. दिल्लीने अभिनंदन केले. त्याच टपालाने, आजारपणामुळे वर्षाचे काम अपुरे ठरल्याने पुढचा पगार मिळणार नाही, असेही कळवले. सुभेदारांनी पूर्ण पगाराची जागा पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली नाही. गुरुवार ते शनिवार मोकळे हवेत, रुग्णालयाने पूर्वीचाच अर्धा पगार द्यावा, एवढेच ते म्हणाले. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत एकमताने मंजूर झालेला तो एकच ठराव. डॉक्टरांच्या पत्नीने शाळेत नोकरी धरली.

कास आटली नाही. तरी डॉक्टर जातच राहिले, कारण पुढच्या पालावर पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागे. कारभारीण त्यांच्याबरोबर जाऊ लागली. “ह्यानं कच्चं पिऊन बगितलंय,” असे सांगून ती चुलीवर भांडे ठेवायला लावी.

दशक संपण्याआधी सुभेदार रुग्णालयातून निवृत्त झाले. निरोप समारंभ शुक्रवारी होता. तेव्हा अर्धे डॉक्टर येणार नाहीत हे सगळ्यांनी धरले होते. हार घातले जात असताना ते पांढरा कोट घालून आत आले आणि मागच्या रांगेत बसले. सुभेदारांनी भाषण थांबवले.

“डाक्टर, आज शुक्करवार हाय.”

“हो. रजा टाकली आहे.”

कोणाकडे टाकली, हे सुभेदारांनी विचारले नाही. दुपारच्या गाडीने डॉक्टर दहिवडीला गेले.