न घासलेला हौद

निकोलासा फुनेसचा हौद कोरडा पडलेला कुणी पाहिला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला काय तो तोरा! तेगुसिगाल्पा शहरातल्या त्या चढावरच्या वस्तीत नळाला अकरा दिवसांनी पाणी यायचं, तेही दोन तास. बाकीच्या बायका दहाव्या दिवशी बादल्या घेऊन हिच्या दारात. ही द्यायची, पण चार शब्द ऐकवून.

तोरा वरवरचा होता. खाली होती भीती. थोरली मुलगी तान्ही असताना एकदा वीस दिवस पाणी आलं नव्हतं. पोरीची दुपटी गटाराच्या पाण्यात खळबळून काढताना निकोलासाला रडू आवरलं नव्हतं. आता ती एकोणसाठ वर्षांची होती, लोकांचे कपडे धुऊन पोट भरत होती, पण देवापेक्षा तिला कोरड्या हौदाचं भय जास्त.

हौद घासायची मात्र एक रीत होती. पाणी यायच्या आदल्या दिवशी हौदातलं पाणी तळाला गेलं की क्लोरीन आणि साबणाच्या पावडरीचा लेप भिंतींना हाताने फासायचा, पाव तास थांबायचं, मग ब्रशने खसाखसा घासायचं. डास अंडी घालतो ती पाण्याच्या वरच्या भिंतीवर, आणि ती अंडी तिथे सुकी राहून पाणी चढायची वाट बघतात. हे सांगत घरोघर फिरायची फर्मिना. ती खालच्या घरातली, आरोग्य केंद्राची स्वयंसेविका. कडेवर तिची अकरा महिन्यांची लेक बेल्किस असायचीच.

मे महिन्यात पाणी एक दिवस आधीच आलं. दुपारी नळ फुसफुसला आणि गल्लीभर ओरडा झाला, "आलं, आलं!" भिंती घासायच्या राहिल्या होत्या. घासायला अर्धा तास गेला आणि तेवढ्यात पाणी गेलं तर? निकोलासाने तोटी सोडली. पाण्याच्या पुढच्या पाळीला धुवायच्या चादरींचा ढीग पडला होता, तेव्हाही राहून गेलं. एकदा चुकवलं, काही बिघडलं नाही. दुसऱ्यांदा चुकवणं सोपंच गेलं.

मग एका सकाळी तिला पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या. पाणी यायला अजून सहा दिवस होते. हौद ओतून द्यायचा? आणि सहा दिवस कोरडे काढायचे? तिने गाळणीने दिसल्या तेवढ्या अळ्या काढल्या आणि हौदावर पत्रा ओढला.

"दोन्या निकोलासा, हौद बघायला येऊ का?" फर्मिनाने त्याच आठवड्यात कुंपणापलीकडून विचारलं. वयाने मोठ्या बाईला मानाने 'दोन्या' म्हणायची तिथली रीत.

"माझा हौद बघणार तू? अगं, मी हौद घासायला लागले तेव्हा तुझ्या आईचं लग्नही झालं नव्हतं! त्या वरच्या आळशी बायकांकडे जा आधी."

फर्मिना हसली आणि कागदावर हिच्या नावापुढे 'स्वच्छ' लिहून पुढे गेली. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

पुढच्या पाळ्यांनाही घासणं राहूनच गेलं, आणि तीन आठवड्यांनी यामिलेथला ताप आला. यामिलेथ ही धाकट्या मुलीची लेक, सहा वर्षांची. आई दूरच्या गावी शिलाईच्या कारखान्यात, म्हणून पोर आजीपाशी. तीन दिवस अंग तव्यासारखं तापलं होतं. फर्मिना दारातूनच बघून गेली. जाताना म्हणाली, "डेंग्यूच दिसतोय. पाणी पाजत राहा. आणि नीट ऐका, ताप उतरला की खरी भीती. पोट दुखलं, ओकारी झाली, हातपाय गार पडले, तर क्षणभर थांबू नका, मला हाक मारा."

चौथ्या दिवशी दुपारी ताप उतरला. निकोलासाने सुयापाच्या चर्चमधल्या माउलीला हात जोडले आणि मक्याची पेज चुलीवर ठेवली.

"आजी, पोटात दुखतंय," यामिलेथ म्हणाली आणि भडाभडा ओकली. निकोलासाने तिचे हात धरले. गार होते.

ती हाक मारायला अंगणात धावली आणि हौदापाशी थबकली. फर्मिना येणार ती इथूनच. पत्रा वाऱ्याने उडून खाली गल्लीत पडला होता, पाण्यात अळ्या नाचत होत्या. निकोलासाने गाळणी उचलली. दोन मिनिटं फक्त, ती मनाशी म्हणत राहिली, दोनच मिनिटं. अळ्या गाळणीतून निसटत होत्या, आणि ती वाकून उपसतच राहिली. किती वेळ गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

आत आली तेव्हा पोरीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

"फर्मिना!" ती अशी किंचाळली की अख्खी गल्ली बाहेर आली. फर्मिना धावत आली, हौदाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. यामिलेथला उचललं, उतारावरून पळत जाऊन टॅक्सी थांबवली आणि दवाखान्यात ओरडून ओरडून डॉक्टर बोलावले. बेल्किसला शेजारणीकडे टाकून आली होती बिचारी.

दोन दिवस सलाइन चाललं. निकोलासा खाटेजवळ उभीच होती. बसलं तर पोर जाईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिसऱ्या सकाळी यामिलेथने डोळे उघडले. "आजी, मक्याची तोर्तिया दे ना. मीठ लावून." निकोलासा हसायला लागली आणि हसता हसताच रडली.

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात फर्मिना दिसली. केस विस्कटलेले, कडेवर बेल्किस. लेकरू मान टाकून पडलं होतं.

"परवापासून तापली होती. आज उतरला ताप," फर्मिना म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "दोन्या निकोलासा, मी दर पाळीला हौद घासते हो. बादल्यासुद्धा घासते. तुमचाही स्वच्छ. मग आले कुठून हे डास?"

निकोलासाने बेल्किसचं पाऊल हातात घेतलं. ते गार होतं.

"आधी आत चल, सिस्टर कुठाय?" ती म्हणाली, आणि चालता चालताच तिच्या तोंडून बाहेर पडलं. "माझ्या हौदातून आले. मे महिन्यापासून मी तो घासलाच नाही. आणि परवा तुला हाक मारण्याआधी मी अळ्या उपसत बसले होते, तुला दिसू नयेत म्हणून."

फर्मिनाने बेल्किसला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, निकोलासापासून लांबच्या बाजूला, आणि ती एकटीच पुढे गेली.